चिऱ्याचं घर, नवं स्वयंपाकघर: वायरिंगची आखणी कशी करावी?

मागीलदार
गुहागर तालुक्यातल्या जुन्या घराला मागच्या अंगाने नवं स्वयंपाकघर जोडतोय. आतून १२ बाय १० फूट. भिंती नऊ इंची चिऱ्याच्या, आतून गिलावा होणार, बाहेरून नुसत्या दरजा भरलेल्या. वर कौलं. मीटर आणि मेन बोर्ड पुढच्या ओटीवर, तिथून इथपर्यंत पाइपाची वाट १८ मीटर भरते. कनेक्शन सिंगल फेज.

ओटा एल आकाराचा, लांब बाजू दहा फूट. सिंक पश्चिमेच्या खिडकीखाली. मागे पडवी, तिथे रगडा बसेल. उपकरणं: फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, किटली, चिमणी, पाण्याचा फिल्टर आणि सिंकखाली ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर.

वायरमन म्हणतो, "ओट्यावर पाच पॉइंट काढतो, अडीचची वायर लूप करत नेतो, काय होत नाय." गिलावा अजून व्हायचाय. किती लाइनी, किती उंचीवर पॉइंट, आणि पाइप चिऱ्यात गाडायचे की वरून न्यायचे?

अडीचची_वायर
"काय होत नाय" हे बरोबरच आहे, पहिली दोन वर्षं काही होत नाही.

आकडे मांडा. इंडक्शन २००० वॉट, किटली १५००, मायक्रोवेव्ह विजेकडून घेतो ते १२०० (डब्यावर लिहिलेले ८०० हे अन्नाला मिळणारे), मिक्सर ७५०. सकाळी आठला चारही चालू असतील तर ५४५० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ २४ अँपिअर. यात गीझर धरलेला नाही, तो एकटा १३ अँपिअर खातो.

अडीचची, म्हणजे अडीच चौ. मिमी जाडीची वायर भिंतीतल्या पाइपात १८-२० अँपिअरपर्यंत धरावी आणि तिच्यावर एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) १६ अँपिअरचा. मग एका लुपावर हे सगळं चाललं की एमसीबी पडणार. तो रोज पडतो म्हणून कोणीतरी ३२चा बसवून देतो, पडायचं थांबतं, सगळे खूश. आता वायर गिलाव्याच्या आत तापते आणि बाहेर काहीच कळत नाही. एमसीबी उपकरणासाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. तो वाढवायचा तर आधी वायर बदलावी लागते.

लूप म्हणजे एका सॉकेटमधून पुढच्याला वायर नेत जाणं. त्याचं दुसरं दुखणं म्हणजे पहिल्या सॉकेटच्या स्क्रूखालून पुढच्या चारांचा करंट जातो. तो स्क्रू जरा सैल झाला की पहिलं सॉकेट काळं पडतं आणि दोष मात्र शेवटच्या इंडक्शनला लागतो.

त्यामुळे ओटीवरून १८ मीटर सहा लाइनी ओढत बसू नका. सहाची एक जोडी आणि अर्थ आणा, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर आठ मॉड्यूलचा, म्हणजे आठ घरांचा छोटा डीबी (एमसीबींची पेटी) बसवा आणि तिथून लाइनी फोडा. सहाची वायर पाइपात ३० अँपिअरच्या आसपास धरायची, म्हणून ओटीवर तिच्यासाठी २५चा एमसीबी. पूर्ण २५ अँपिअर वाहिले तरी १८ मीटरला साडेतीन व्होल्टच्या आतच घट येते.

कोकमसार
वायरमनचं नाव "काय होत नाय" असेल तर त्याला आमच्याकडेही सगळे ओळखतात.

चिरेबंदी
चिऱ्यात पाइप गाडण्याबद्दल.

जांभा विटेसारखा तुटत नाही. छिन्नी-हातोड्याने खाच मारली की कडेचा तुकडा भोकासकट निघतो आणि दीड इंचाच्या जागी चार इंचाचं खिंडार होतं. आधी वॉल कटरने दोन समांतर रेघा मारून घ्यायच्या आणि मगच मधला भाग छिन्नीने काढायचा. लाल धूळ भयानक उडते, पाणी शिंपडत कापा आणि तोंडाला बांधा. २५ मिमीच्या पाइपाला खाच ४० मिमी खोल पुरे, वर २० मिमी गिलावा येतोच.

खाच उभीच मारायची. आडवी खाच दहा फूट नेली तर नऊ इंची भिंतीचा दरजेजवळचा भाग कापला जातो आणि गिलाव्याला नेमकी तिथेच आडवी चीर पडते. आडवा प्रवास सगळा वर, भिंतीच्या माथ्यावरून. प्रत्येक बोर्डाला पाइप वरून सरळ खाली.

पश्चिमेच्या भिंतीत शक्यतो काहीच गाडू नका. बाहेरून गिलावा नाही, पाऊस त्याच बाजूने मारतो आणि जांभा पाणी पितो. श्रावणापर्यंत ती भिंत आतून ओली लागते. त्या भिंतीतले लोखंडी बॉक्स पाच-सहा पावसाळ्यांत गंजून त्यांचे कान तुटतात, मग प्लेटचा स्क्रू कशात बसवायचा? बॉक्स पीव्हीसीचेच घ्या, समुद्राकाठी लोखंडी अजिबात नको. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेसचे.

सुतारपक्षी
गाडायचंच कशाला? कौलारू घर आहे, ताजी भिंत आहे. वरून वाशांच्या कडेने पाइप आणा आणि खाली उतरताना भिंतीवर क्लॅम्प मारून उघडाच पाइप. ओल नाही, खिंडार नाही, उद्या एक लाइन वाढवायची तर अर्ध्या दिवसाचं काम. कोकणात सगळ्या जुन्या घरांत लाकडी बॅटन पट्टीवर उघडं वायरिंग होतं आणि चाळीस चाळीस वर्षं टिकलं.

चिरेबंदी
@सुतारपक्षी, बाकीच्या खोल्यांत मान्य. पण ओट्यावर टाइल लागणार, फोडणीचा तेलकट थर उघड्या पाइपाच्या मागे बसणार, तिथे झुरळांची वसाहत. ओट्याच्या पट्ट्यापुरतं गाडलेलंच बरं. शिवाय बॅटन पट्टीच्या काळात घरात दोन बल्ब आणि रेडिओ होता, इंडक्शन नव्हतं.

सुतारपक्षी
मधला मार्ग: माथ्यापासून टाइलच्या वरच्या कडेपर्यंत उघडा, टाइलमागे गाडलेला. पश्चिमेच्या भिंतीवर पूर्ण उघडा.

चिरेबंदी
हे चालेल. पण कौलांखाली नुसती वायर किंवा तो नळीदार फ्लेक्सिबल पाइप नको, उंदीर कुरतडतात. कडक पीव्हीसी, मध्यम किंवा जाड, सांध्याला सोल्युशन लावून. वरची उघडी तोंडं आणि डीबीत शिरणारी भोकं पुट्टीने बुजवा. पाली आणि लाल मुंग्या डीबीत घर करतात आणि बसबारवर (एमसीबींना वीज देणाऱ्या धातूच्या पट्टीवर) पाल आडवी पडली की तिचंही भागतं, एमसीबीचंही. डीबीतल्या रिकाम्या जागांना ब्लँक पट्ट्या लावायला वायरमन विसरतोच, मागून घ्या.

खाडीपलीकडे
उंची. सगळी मापं तयार फरशीपासून, हे वायरमनला दोनदा सांगा. बॉक्स बसतात तेव्हा फरशी झालेली नसते आणि कोबा-फरशी धरून तीन-चार इंच वाढतात. भिंतीवर चहूबाजूंनी तयार फरशीपासून एक मीटरची रेघ पाणनळीने मारून घ्या, सगळी मापं त्या रेघेवरून.

ओटा ३३-३४ इंच धरला तर ओट्यावरच्या बोर्डांचा मध्य ४३-४४ इंचावर. यापेक्षा खाली घेतलं की पाणी पुसताना फडका सॉकेटवर जातो, वर घेतलं की मिक्सरची वायर लोंबते.

सिंकच्या कडेपासून आडवं किमान दोन फूट. शेगडीच्या मागे काही नाही, कडेपासून फूटभर तरी लांब. एलच्या कोपऱ्यातही नको, १६ अँपिअरचा जाडा प्लग तिथे वळत नाही.

फ्रिजचा पॉइंट फ्रिजच्या मागे नाही, बाजूला, हात पोचेल असा. चिमणीचा साधारण सात फुटांवर आणि धुराड्याच्या पाइपापासून नऊ इंच डावी-उजवीकडे. बरोबर मध्ये काढला तर चिमणी बसवणारा माणूस आल्यावर भिंत पुन्हा फुटते.

आणि सिलिंडर ओट्याखाली असेल तर त्या कप्प्यात कुठलाही स्विच, सॉकेट, डीबी नको. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो आणि स्विचची ठिणगी पुरते.

बॉक्स किती खोल बसवायचा तेही बघा. गिलावा २० मिमी, त्यावर टाइल आणि चिकटवणी मिळून १२-१५ मिमी. बॉक्सचं तोंड टाइलच्या पृष्ठभागाशी आलं पाहिजे. आत राहिला तर लांब स्क्रू शोधत बसतात आणि प्लेट हलत राहते.

करवंद
सहा मॉड्यूलच्या एका बोर्डात १६ अँपिअरची दोनच सॉकेट बसतात: सॉकेटला दोन-दोन घरं, स्विचला एक-एक. "आठात चार बसवतो" म्हणणाऱ्याला बसवून दाखवायला सांगा.

कातळसडा
सगळं लिहिलंत, अर्थिंगवर कोणी नाही. गुहागर म्हणजे वर सडा, जमीन फूटभर उकरली की कातळ. तिथे रतलाम-नाशिकच्या काळ्या मातीचे हिशोब चालत नाहीत.

समजा तुमच्या अर्थचा रोध २० ओहम निघाला. कातळात उन्हाळ्यात याहून जास्तही निघतो. फ्रिजच्या पत्र्याला फेज लागला तर वाहणारा करंट २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६चा एमसीबी यावर पडतच नाही! तुम्ही तीन पिनचं सॉकेट लावलंत, हिरवी वायर लावलीत, आणि फ्रिजचा पत्रा तसाच जिवंत उभा आहे. ओल्या फरशीवर अनवाणी माणसाचा हात लागायचा अवकाश.

म्हणून कातळावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा चैनीचा भाग नाही. तो ०.०३ अँपिअर गळती झाली की तोडतो, त्याला २० ओहमची अर्थ भरपूर झाली. एमसीबी करंट जास्त झाला की तोडतो, आरसीसीबी करंट वाट चुकला की तोडतो. एक दुसऱ्याचं काम करत नाही, दोन्ही लागतात.

तरीही अर्थ चांगली करा. जागा निवडताना कोरडं अंगण नको. न्हाणीघराचं पाणी जिथे जातं ते माडाचं आळं बघा, तिथे माती खोल असते आणि बारा महिने ओल. घराच्या भिंतीपासून दीड मीटर लांब. तांब्याचा मुलामा दिलेला तीन मीटरचा रॉड, बोअर मारून, भोवती बेंटोनाइटचं (ओल धरून ठेवणाऱ्या मातीचं) भरण. कातळात तीन मीटर एकाच जागी जात नसेल तर दोन कमी खोल रॉड तीन-तीन मीटर अंतरावर आणि एकमेकांना जोडून. कोळसा-मिठाचा खड्डाही चालतो, पण मीठ जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप खातं आणि पावसात वाहून जातं.

वायंगणी
अर्थिंगाक मीठ सगळे घालतत, चैत्रात पाणी कोण घालतलो?

कातळसडा
@वायंगणी :) म्हणूनच माडाचं आळं. माडाला घालायला कोणी विसरत नाही.

ओहम_शांति
एक धोक्याची गोष्ट जोडतो. काही ठिकाणी अर्थ मिळत नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतात. टेस्टर लावला की सगळं ठीक दिसतं. वादळात खांबावरून येणारा न्यूट्रल तुटला की घरातल्या प्रत्येक पत्र्यावर, फ्रिज-मिक्सर-गीझर सगळ्यांवर, फेज येतो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडे खांबच्या खांब आडवे झाले होते, तेव्हा न्यूट्रल शाबूत राहील असं गृहीत धरू नका. सॉकेटमधली अशी जोडणी दिसली तर आधी ती काढा.

पडवीकर
आरसीसीबीला माझा विरोध नाही, पण फ्रिज त्यावर ठेवू नका. पावसाळ्यात विनाकारण पडतो, घरी कोणी नसलं की दोन दिवसांत फ्रीझरमधला बांगडा उठून चालायला लागतो.

कातळसडा
@पडवीकर, फ्रिजच तर ओल्या हाताने दिवसात पन्नासदा उघडतात. त्याला कसं सोडणार? त्याला वेगळा आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) द्या, १० किंवा १६ अँपिअर, सी कर्व्ह (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा), ३० मिलिअँपिअर. मग रगड्याने किंवा किटलीने गळती केली तरी फ्रिज चालू राहतो. दोन-दोन दिवस घर बंद राहणार असेल तर हाच उपाय.

अडीचची_वायर
+१. आणि "विनाकारण" हा शब्द तपासून घ्यावा. बहुतेक वेळा कारण असतं:

दोन आरसीसीबींचे न्यूट्रल एकाच पट्टीवर जोडलेले. हे सगळ्यात जास्त. प्रत्येकाच्या लाइनींना वेगळी न्यूट्रल पट्टी लागते, एकाचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल घेतला की लोड टाकताच पडणार.

इन्व्हर्टर. दिव्याची लाइन इन्व्हर्टरवर टाकताना फेज आरसीसीबीच्या आधीचा, न्यूट्रल नंतरचा. पडणारच.

बाहेरचा पॉइंट. पडवीतल्या सॉकेटमध्ये झडीचं पाणी. तिथे झाकणवाला आयपी ६५ (धूळ-पाणी आत न घेणारा) बॉक्स, पाइप खालून आत घ्यायचा, वरून नाही.

गीझर किंवा किटलीची कॉइल चीर पडून ओल धरलेली. हे उपकरणाचं दुखणं, आरसीसीबी त्याचं काम करतोय.

शोधायचं असेल तर सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक चढवा. सगळे खाली असतानाही पडत असेल तर दोष न्यूट्रल-अर्थच्या स्पर्शात आहे, कारण साधा एमसीबी न्यूट्रल तोडत नाही.

कोकमसार
बा देवा महाराजा, ह्या घरात ज्याचा न्यूट्रल त्याच्या पट्टीर ऱ्हांदे, आणि आरसीसीबी रात्रीचो पडा नको रे महाराजा.

वायंगणी
व्हय महाराजा!

पडवीकर
आरसीबीओचं पटलं. किंमत एमसीबीच्या कितीतरी पट आहे, पण एकालाच लावायचाय.

निसर्गचा विषय निघालाच आहे तर जनरेटरबद्दल. वादळानंतर भाड्याने जनरेटर आणून त्याची दोन बाजूंना प्लग असलेली वायर सरळ सॉकेटमध्ये घालतात. मेन स्विच चालूच राहिला तर वीज उलटी खांबावर चढते आणि तिथे लाइनमन काम करत असतो. ज्यांना जनरेटरची सोय हवी त्यांनी आत्ताच ओटीवर चेंजओव्हर स्विच (एका वेळी खांबावरची लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवून घ्यावा.

रापण
वीज पडण्याबद्दलही: वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरमध्ये कडकडाट जास्त. मेन डीबीत टाइप २ एसपीडी (लाइनीतून येणारा जास्तीचा झटका अर्थला सोडणारा) लावा, त्यापासून अर्थ पट्टीपर्यंतची वायर अर्ध्या मीटरच्या आत, वेटोळी न करता. अर्थ धड नसेल तर एसपीडी नुसता शोभेचा.

मागीलदार
दंडवत सगळ्यांना. गीझरचा विचार बदलायला लागेल असं दिसतंय. बिलावरचा मंजूर भार बघितला, त्यात तो धरलेलाच नाही. संध्याकाळी व्होल्टेजही १८०वर येतं.

अडीचची_वायर
मग उत्तर त्यातच आहे. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. १८० व्होल्टला ३ किलोवॉटचा गीझर १८००-१८५० वॉटच देतो, इन्स्टंटमधून कोमट पाणी येणार. न्हाणीघरातल्या साठवणीच्या गीझरवरून एक गरम पाण्याचा नळ सिंकला आणा. तेवढा भार वाचला की २५चा एमसीबी आणि सहाची वायर पुरते. बाकी भार वाढणारच असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या. आणि १८० व्होल्टवर जुन्या पद्धतीचा फ्रिज अडखळतो, त्याला स्टॅबिलायझर लागेल. पॉइंटशेजारी त्याची जागा सोडा.

मागीलदार
मग अशी आखणी करतो, चुकलं तर सांगा. डीबी दाराबाहेर पूर्वेच्या भिंतीवर. त्यात २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी आणि त्याखाली:
ओट्याची डावी बाजू, मिक्सर-किटली, दोन सॉकेट, अडीच, १६चा एमसीबी.
इंडक्शन एकटं, चारची वायर, २०चा.
मायक्रोवेव्ह, अडीच, १६चा.
पडवीतला रगडा, अडीच, १६चा सी कर्व्ह.
दिवे, चिमणी, एक्झॉस्ट, फिल्टर, दीडची वायर, १०चा.
फ्रिज आरसीसीबीच्या आधीपासून, स्वतःच्या आरसीबीओवर, अडीच.
अर्थ सगळीकडे दीडची?

ओहम_शांति
शेवटची ओळ सोडून छान. १६ चौ. मिमीपर्यंत अर्थ फेजच्याच जाडीची घ्यायची: अडीचला अडीच, चारला चार, ओटीवरून येणाऱ्या सहाला सहा. दुकानात दीडची हिरवी देतील, घेऊ नका.

इंडक्शनला १६ अँपिअरचं सॉकेट आहे आणि एमसीबी २०चा, तर १६चाच लावा. २००० वॉटला नऊ अँपिअरही लागत नाहीत. चारची वायर राहू दे, पुढे मोठं काही आलं तर कामाला येईल.

आठ मॉड्यूलचा डीबी मात्र पुरणार नाही: आरसीसीबीला दोन, आरसीबीओला दोन, पाच एमसीबी, झाले नऊ. बारा मॉड्यूलचा घ्या, दोन-तीन जागा रिकाम्या राहू देत.

अडीचची_वायर
बरोबर, आठ मी गीझर-फ्रिज वेगळे न धरता लिहिले होते, बाराच घ्या.

अडीचच्या चार लाइनी: ओटा ७, मायक्रोवेव्ह ६, फ्रिज ८, पडवी ११, एकूण ३२ मीटर वाट. सॉकेट आणि डीबीतली जास्तीची टोकं धरून प्रत्येक रंगाला ३६-३७ मीटर: लाल, काळी, हिरवी. बंडल ९० मीटरचं येतं, उरलेलं बाकीच्या खोल्यांत लागेल. आयएस ६९४ छापलेली, एफआर (आग पसरू न देणारी) किंवा त्याहून वरची. पाइप २५ मिमी, एका पाइपात दोन लाइनी म्हणजे सहा वायरी, त्यापुढे नाही. पाइपाच्या आत सांधा एकही नको.

चिरेबंदी
वायर ओढायची घाई नको. आधी पाइप-बॉक्स, मग गिलावा, तो वाळू दे, मग वायर. ओल्या पाइपात ओढली की मेगरचं (वायरीचं इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राचं) रीडिंग पडतं. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा, नंतर ओट्यावर मांडणी ठोकताना ड्रिल कुठे मारायचं नाही ते कळतं.

ओहम_शांति
मेगर: ५०० व्होल्टचा, सगळे प्लग काढून, एसपीडी सोडवून. फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, फेज-न्यूट्रल. नवं वायरिंग दहा मेगओहमच्या कितीतरी वर दाखवतं, १ मेगओहमच्या खाली असेल तर लाइन चालू करू देऊ नका. नंतर आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा.

मागीलदार
वायरमनला यादी दाखवली. मेगर म्हटल्यावर "तो चिपळूणहून आणायला लागेल" म्हणाला.

करवंद
आणू दे. येताना पितळी स्क्रूही आणायला सांगा.